इंग्रजीत तरी 'त्या' गोष्टीला धड शब्द आहे का?

शब्दपारखी

"मराठीत या विषयावर बोलायला शब्दच नाहीत हो, इंग्रजीत कसं सहज बोलता येतं!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालावासा वाटतोय. माझं मत: इंग्रजीत परिस्थिती आपल्यापेक्षा बरी नाही, उलट काही बाबतींत जास्तच बिकट आहे.

मी संपादनाचं काम करते. सध्या एक इंग्रजी कथा हातात आहे. लग्नाला बरीच वर्षं झालेलं जोडपं. दिवसभर धुसफूस, संध्याकाळी अबोला, रात्री समेट. त्या समेटासाठी एक साधं, सरळ, घरगुती वाक्य हवंय. लेखिकेने 'मेड लव्ह' लिहिलंय. वाचलं की मागे कुणीतरी सॅक्सोफोन वाजवायला लागतं. 'हॅड सेक्स' केलं तर पोलीस ठाण्यातला जबाब वाटतो. 'इंटरकोर्स' म्हणजे दहावीचं जीवशास्त्र. 'स्लेप्ट टुगेदर' लिहावं तर ते दोघं गेली कित्येक वर्षं रोज एकत्रच झोपतायत, त्यात नवीन काय? आणि बाकीचे जे जोरकस शब्द आहेत ते एकतर शिव्या आहेत, नाहीतर सुतारकाम.

तर प्रश्न असा: ना लाजरा, ना गलिच्छ, ना डॉक्टरी, असा एकतरी इंग्रजी शब्द तुम्हाला माहीत आहे का?

घुबड

पहिला!

'सुतारकाम' वाचून खिक् झालं. स्क्रू, नेल, बँग. हातोडी राहिली फक्त.

निर्मळा

अगदी अगदी. आणि 'हॅव' या क्रियापदाचं मला कायम नवल वाटतं. हॅव अ बाथ, हॅव अ फीव्हर, हॅव सेक्स. अंघोळ, ताप आणि हे, सगळं एकाच खुंटीवर.

आडवळण

धागा छान. थोडा इतिहास टाकतो, म्हणजे लक्षात येईल की ही पंचाईत जुनी आहे.

'सेक्स' हा शब्द क्रियेसाठी वापरायला लागून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी सेक्स म्हणजे नर की मादी, बस्स. 'हॅव सेक्स' हा प्रयोग तर छापील स्वरूपात १९२९ मध्ये, डी. एच. लॉरेन्सच्या लेखनात सापडतो. म्हणजे बोलपटाच्या वयाचा शब्दप्रयोग. 'इंटरकोर्स' म्हणजे मुळात व्यवहार, दळणवळण, लोकांतली ये-जा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्यामागे 'सेक्शुअल' लावायला सुरुवात झाली आणि नंतर ते विशेषण गळून पडलं तरी वास राहिला. आज कुणी 'दोन देशांमधलं इंटरकोर्स वाढलं पाहिजे' म्हणून दाखवावं!

'मेक लव्ह'ची कथा याहून मजेदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याचा अर्थ होता प्रणयाराधन, मनधरणी, गोड बोलणं. जेन ऑस्टिनची 'एमा' डिसेंबर १८१५ मध्ये आली. त्यात मिस्टर एल्टन बग्गीत एमाला 'व्हायोलंट लव्ह' करतो असं वाक्य आहे. आजचा वाचक दचकतो. प्रत्यक्षात तो बिचारा तिचा हात धरून लग्नाची मागणी घालत असतो.

खडूसपंत

शब्द कशाला हवा? ज्यांना करायचं ते शब्दकोश उघडून करत नाहीत. जगाची लोकसंख्या बघा.

निर्मळा

@खडूसपंत, करायला शब्द लागत नाही, मान्य. नको म्हणायला लागतो. काय आवडलं, काय दुखलं हे सांगायला लागतो.

खडूसपंत

बरं. मुद्दा आहे.

डॉ. चौकस

निर्मळाताईंच्या मुद्द्याला जोडून. आमच्या व्यवसायात ही केवळ भाषिक गंमत राहत नाही. रुग्णाला विचारावं लागतं आणि नेमकं विचारावं लागतं. "तुमचा सेक्स झाला का?" या प्रश्नाचं उत्तर समोरच्याच्या डोक्यात 'सेक्स' म्हणजे काय आहे यावर अवलंबून असतं.

याचा एक गाजलेला पुरावा आहे. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक लेख आला. सर्वेक्षण १९९१ चं होतं, एका विद्यापीठातले ५९९ विद्यार्थी. प्रश्न असा की अमुक अमुक केलं तर 'हॅड सेक्स' म्हणाल का? सुमारे ६० टक्क्यांनी मुखमैथुनाला 'नाही' म्हटलं. सगळ्यांची मातृभाषा इंग्रजी नसेलही, पण सगळे शिकलेले, इंग्रजीतच जगणारे. आणि तरी त्या भाषेतल्या या सगळ्यात साध्या शब्दाच्या अर्थावर एकमत नाही!

लेख छापला तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालू होता आणि सगळं प्रकरण 'सेक्शुअल रिलेशन्स' या दोन शब्दांची व्याख्या काय यावर येऊन अडकलं होतं. त्या वेळेस हा लेख काढला म्हणून जर्नलचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांची नोकरी गेली.

म्हणून आम्ही आता शब्द वापरायचं टाळतो. कोणता अवयव, कुठे, संरक्षण होतं की नाही, असं तुकड्यातुकड्यांत विचारतो. कानाला रुक्ष लागतं, पण निदान चुकीचं निदान होत नाही.

घुबड

डॉक्टर, निदान-निदान कोटी मुद्दाम की आपोआप?

डॉ. चौकस

आपोआप. पण श्रेय घेतो.

सुईदोरा

यावरून तो जुना विनोद. डॉक्टर: "आर यू सेक्शुअली ॲक्टिव्ह?" बाई: "छे हो, मी नुसती पडून असते."

(ह.घ्या.)

निर्मळा

सुईदोरा, हसले, पण तो विनोद दिसतो तेवढा हलका नाहीये. 'ॲक्टिव्ह' हा शब्द त्या बाईला लागू होत नाही असं तिला खरंच वाटू शकतं.

दावेदार

वकिली पेशातून एक रत्न. इंग्लंडच्या कायद्यात 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' नावाचा दावा असायचा. शब्दशः 'गुन्हेगारी संभाषण'. पण तो गुन्हा नव्हता आणि त्यात संभाषणही नव्हतं. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषावर नवऱ्याने लावलेला हा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. वर्तमानपत्रं त्याला लाडाने 'क्रिम कॉन' म्हणत आणि अशा खटल्यांच्या बातम्या तुफान खपत. १७७० मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जच्या सख्ख्या भावाला, ड्यूक ऑफ कंबरलंडला, लॉर्ड ग्रोव्हनरच्या पत्नीच्या प्रकरणात १०,००० पौंडांची भरपाई बसली होती. १८५७ च्या कायद्याने हा प्रकार इंग्लंडमध्ये बंद झाला.

आणि ज्या बाईवरून हे सगळं, ती खटल्यात पक्षकार नसे, तिची साक्षही होत नसे. जिच्याशी 'संभाषण' झालं तिलाच बोलायची परवानगी नाही.

शब्दपारखी

दावेदार, हे माहीत नव्हतं. आता 'आपण निवांत बोलू या' हे वाक्य मी वेगळ्याच नजरेने वाचणार.

वाचनमात्र

बायबलमध्येही तेच ना? १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात ॲडम ईव्हला 'जाणतो' आणि तिला दिवस जातात. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थही 'जाणणे'च आहे. मला तो वापर उलट सुंदर वाटतो. शब्दपारखी, तुमच्या कथेत 'ही न्यू हर' चालेल का?

घुबड

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर? उशीरच झाला म्हणायचा.

पाणिनीचा_पुतण्या

मूळ मुद्द्याकडे. माझ्या मते अडचण शब्दसंग्रहाची नाही, व्याकरणाची आहे.

इंग्रजीतली या क्रियेची बहुतेक जोरकस क्रियापदं सकर्मक आहेत. एक कर्ता, एक कर्म. अमुकने तमुकला 'केलं'. रॉबर्ट बेकर या तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये यावर लिहिलं होतं: रूढ वापरात पुरुष कर्ता असतो, बाईच्या वाट्याला कर्मणी प्रयोग येतो. आणि त्याचं दुसरं निरीक्षण जास्त बोचरं आहे. हीच क्रियापदं फसवणूक आणि नुकसान यांसाठी वापरली जातात. 'आय गॉट स्क्रूड' म्हणजे मला कुणीतरी गंडवलं. कर्म होणं म्हणजे नुकसान होणं, असा हिशेब भाषेत आधीच मांडून ठेवलाय.

याउलट 'दे किस्ड', 'दे मेट', 'दे मॅरीड' बघा. दोघंही कर्ते. असं एक सभ्य क्रियापद या क्रियेसाठी असतं तर शब्दपारखींचा धागाच निघाला नसता.

आडवळण

अर्धं पटलं. 'दे शॅग्ड' म्हणतातच की ब्रिटिश. दोघंही कर्ते. तेव्हा व्याकरण आडवं येत नाही, त्या शब्दाचा दर्जा आडवा येतो.

आणि बाई कर्ता असलेली वाक्यंही आता सर्रास ऐकू येतात. १९७५ चं निरीक्षण आज जसंच्या तसं लावता येणार नाही.

पाणिनीचा_पुतण्या

वापर बदलतोय हे खरं. पण 'स्क्रूड' म्हणजे गंडवलेला, हे बदललंय का? मी थांबतो, तुम्ही उदाहरण द्या.

आडवळण

नाही बदललं. तो मुद्दा तुमचा.

पण 'सभ्य क्रियापद असतं तर' याबद्दल बोलायचंय. होतं! मध्ययुगीन इंग्रजीत 'स्वाइव्ह' नावाचं क्रियापद होतं, चॉसरच्या कथांमध्ये भेटतं. फार सोवळं नव्हतं, पण चालतं-बोलतं होतं. जुन्या इंग्रजीतल्या हलणे, फिरणे अशा अर्थाच्या धातूपासून आलेलं. पुढे ते मेलं. त्याचा एक नातेवाईक मात्र तुमच्या ऑफिसात आहे: स्विव्हल चेअर.

'ऑक्युपाय'चं तर आणखी वाईट झालं. सोळाव्या-सतराव्या शतकात त्याला हा अर्थ चिकटला आणि सभ्य लेखक तो शब्दच टाळायला लागले. शेक्सपिअरने 'हेन्री चौथा'च्या दुसऱ्या भागात एका पात्राच्या तोंडून तक्रारच केलीय की चांगला शब्द होता, वाईट संगतीने बिघडला. नंतर तो अर्थ गळाला आणि शब्द सुटला. आज विमानातल्या शौचालयावर निर्धास्त मिरवतो.

थोडक्यात, या अर्थाजवळ जो सभ्य शब्द जातो तो काही पिढ्यांत नासतो, मग नवा आणावा लागतो. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकरने या फिरत्या पट्ट्याला 'युफेमिझम ट्रेडमिल' असं नाव दिलंय.

सुईदोरा

उद्या ऑफिसात खुर्चीवर बसताना अवघड होणार आहे. धन्यवाद, आडवळण.

उंबरठा

मला वेगळंच म्हणायचंय. 'सेक्स'ला नवा अर्थ चिकटल्यावर जुन्या अर्थाचं काय झालं बघा. रूथ बेडर गिन्सबर्ग (पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या) १९७० च्या दशकात स्त्री-पुरुष भेदभावाचे खटले लढवत होत्या. त्या सांगायच्या की त्यांची टंकलेखन करणारी सचिव म्हणाली, पानापानावर 'सेक्स सेक्स' टाइप करतेय, न्यायाधीशांच्या मनात आधी भलतंच येईल, 'जेंडर' लिहा. आणि त्या 'जेंडर' लिहायला लागल्या. व्याकरणातला बिचारा शब्द, त्याला ओढून आणलं. आज 'सेक्स' आणि 'जेंडर' यांत वेगळा फरक केला जातो, पण तेव्हाचं कारण निव्वळ न्यायाधीशांचं मन विचलित होऊ नये एवढंच.

घुबड

कुणी फॉर्मवरच्या 'सेक्स' रकान्याचा तो 'आठवड्यातून दोनदा'वाला विनोद टाकणार असेल तर आधीच निषेध नोंदवून ठेवतो.

रानभूल

दोन इंग्रजीभाषकांमध्येसुद्धा गोंधळ असतो, आपलं काय घेऊन बसलात.

ब्रिटिश माणूस सकाळी दार वाजवून उठवण्याला जुन्या पद्धतीने 'नॉक अप' म्हणायचा. अमेरिकेत त्याचा अर्थ बाईला गरोदर करणे. ब्रिटिश मूल वर्गात शेजाऱ्याकडे रबर मागतं ते खोडण्यासाठी, अमेरिकन ऐकणाऱ्याला ते निरोध वाटतं. अमेरिकन खेळप्रेमी आपल्या संघासाठी 'रूट' करतो (म्हणजे पाठिंबा देतो), ऑस्ट्रेलियन पोट धरून हसतो, कारण तिथे 'रूट' म्हणजे धाग्याचा विषयच. आणि अमेरिकेत कोंबड्याला 'रूस्टर' म्हणायची पद्धत रुळली, कारण आधीचा शब्द अवयवाला दिला गेला होता.

वाचनमात्र

म्हणजे कोंबडं झाकलं तरी… असो. संपादक बघतायत.

संपादक मंडळ

बघतोय. धागा माहितीपूर्ण आहे, चालू द्या. कोंबडं झाकूनच ठेवा.

यंत्रमानव

संपादकांवरून आठवलं, यंत्रं तर या बाबतीत अगदीच सोवळी. १९९६ मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्या एओएल कंपनीच्या गाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नव्हतं. गावाच्या नावात चार अक्षरं लागोपाठ नको तशी आलीत. संगणकाच्या लोकांत याला 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' असंच नाव पडलंय. एसेक्स आणि ससेक्सवाल्यांनाही असे अनुभव येतात. तिथला 'सेक्स' म्हणजे सॅक्सन लोक, बाकी काही नाही.

खडूसपंत

त्या सुप्रसिद्ध चार अक्षरी शब्दाबद्दल कोणीच कसं बोलत नाही? तोच तर मूळ, अस्सल शब्द आहे. राजाच्या परवानगीने वगैरे आद्याक्षरांचा बनलाय म्हणे.

आडवळण

आद्याक्षरांची गोष्ट पूर्ण थाप आहे. शब्द जर्मानिक कुळातला, आद्याक्षरी नावांची फॅशन येण्याच्या कितीतरी आधीचा. आणि चार अक्षरी म्हणताय, पण देवनागरीत तो दोनच अक्षरी आहे. आपली लिपी किफायतशीर.

तो सर्वसाधारण शब्द म्हणून वापरायचा प्रयत्न झाला होता. पुन्हा लॉरेन्सच. त्याला तो शब्द धुऊनपुसून प्रेमाच्या भाषेत परत आणायचा होता. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ब्रिटनमध्ये संपूर्ण रूपात पेंग्विनने १९६० मध्ये काढली, खटला झाला. सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं चालेल का? २ नोव्हेंबर १९६० ला पेंग्विन निर्दोष सुटली. १९७२ मध्ये तो शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पुरवणीतही आला.

पण लॉरेन्सचा हेतू काही साधला नाही. शब्द मोकळा झाला तो रागवायला, वैतागायला आणि विशेषणांवर जोर द्यायला. आज तो दिवसभर ऐकू येतो आणि शंभरातल्या नव्वद वेळा त्याचा शय्येशी काही संबंध नसतो.

पाणिनीचा_पुतण्या

शंभरातल्या नव्वद हा आकडा कुठून आणला?

आडवळण

कानातून.

मधलीसुट्टी

सी. एस. लुईस यांचं म्हणून एक वाक्य सांगतात, त्यांचे विद्यार्थी केनेथ टायनन यांनी नोंदवलेलं. आशय असा की या विषयावर उघड बोलायचं तर बालवाडी, गटार आणि शरीरशास्त्राचा वर्ग यांतली एक भाषा निवडावी लागते. शब्दपारखींच्या पहिल्या पोस्टचं सार तेच आहे.

आणि म्हणूनच बहुधा 'लिटररी रिव्ह्यू' या ब्रिटिश मासिकाला १९९३ ते २०१९ या काळात कादंबऱ्यांतल्या सर्वांत वाईट शृंगारवर्णनाचा वार्षिक पुरस्कार द्यायला कधी उमेदवार कमी पडले नाहीत. नावाजलेले लेखक घसरतात. एरवी नेमकं लिहिणारा माणूस इथे आला की ज्वालामुखी, लाटा आणि घोडे आणतो. २०२० मध्ये पुरस्कार दिला नाही, कारण वाचकांनी त्या वर्षी आधीच पुरेसं वाईट भोगलंय म्हणे.

निर्मळा

मराठीत निदान 'संभोग', 'समागम' यांच्यात 'सम्' आहे. दोघांनी मिळून. बोलायला जड आहेत, पण आत दोघं आहेत.

पाणिनीचा_पुतण्या

मग 'कोइटस'मध्येही आहेत. लॅटिनमध्ये 'को' म्हणजे एकत्र, पुढचा धातू जाण्याचा. शब्दशः समागमच. पण उशीवर डोकं ठेवून कोण म्हणतं 'कोइटस'? आणि 'समागम' तरी कोण म्हणतं? व्युत्पत्ती सुंदर असून उपयोग नाही, शब्द तोंडात बसावा लागतो.

उंबरठा

मला वाटतं आपल्याला इंग्रजी सोपी वाटते याचं कारण तिथले शब्द चांगले आहेत हे नसून ते आपले नाहीत हे आहे. २००३ च्या एका अभ्यासात तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले निषिद्ध शब्द ऐकवून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. म्हणजे तळहाताला किती घाम फुटतो ते. मातृभाषेत प्रतिक्रिया जास्त तीव्र. जाँ-मार्क देवाल यांनी बहुभाषिकांच्या शिव्यांवर काम केलंय, तिथेही तसंच: सर्वांत जोर पहिल्या भाषेत.

म्हणून आपण 'सेक्स' सहज म्हणतो. ज्यांची ती आईची भाषा आहे त्यांना तोच शब्द तितकाच टोचत असणार.

डॉ. चौकस

शंभर टक्के. मराठीत गप्प बसलेला रुग्ण इंग्रजी शब्द आला की मोकळा होतो. पण कधी कधी इतका मोकळा होतो की जे सांगतोय ते दुसऱ्याच कुणाचं आहे असं वाटतं. माहिती मिळते, तक्रार कळत नाही.

रानभूल

मी उलट बाजू घेतो. मधला शब्द नाही हे बरंच आहे. प्रत्येक जोडप्याची स्वतःची सांकेतिक भाषा असते, बाहेरच्याला अर्थ लागू नये अशी. कोशात एक अधिकृत, निर्जंतुक शब्द आला तर ती गंमत जाईल.

निर्मळा

ज्यांचं जमलंय त्यांची गंमत. ज्यांचं बिनसलंय त्यांनी समुपदेशकाकडे जाऊन काय म्हणायचं? "आमचं ते सांकेतिक बंद आहे"?

रानभूल

खरं सांगू, बरेच जण तसंच म्हणत असतील.

शब्दपारखी

इतकं खजिना भरून मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण गंमत अशी की माझं वाक्य अजून कोरंच आहे! आतापर्यंतचे उमेदवार: जाणणे, संभाषण करणे, खुर्ची फिरवणे. लेखिकेला यातलं काय पाठवू?

मधलीसुट्टी

क्रियापद सोडा. आजूबाजूचं लिहा. 'दे वेंट टु बेड अर्ली.' सगळा अर्थ 'अर्ली'मध्ये आला. दिवसभर अबोला असलेली माणसं लवकर झोपायला का जातील? वाचक हुशार असतो.

पाणिनीचा_पुतण्या

मान्य. आणि 'दे' आहे, दोघंही कर्ते!

सुईदोरा

लवकर झोपायला जाण्याची आणखीही कारणं असतात. डोकेदुखी, सकाळची गाडी.

शब्दपारखी

'अर्ली' पाठवलं. लेखिकेचं उत्तर आलं: "छान आहे, पण माझ्या कथेत ते भांडतात तेच मुळी तो रोज लवकर झोपतो म्हणून."

घुबड

=))

मग 'लेट' करा.

शब्दपारखी

घुबड, थट्टा नाही, तेच करतेय. 'दॅट नाइट ही स्टेड अप.' लेखिकेलाही पटलंय.

खडूसपंत

आता याचं मराठी भाषांतर कोण करणार?

संपादक मंडळ

त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.